मिस्टर ब्राऊनचा वर्ग

दुसऱ्याच्या पायाला ठेच लागली तर आपण धावत जातो. पण दुसऱ्याच्या जिभेला ठेच लागली की आपल्याला हसू येते! असे का व्हावे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. आणि गंमत अशी, की या प्रश्नाकडे मला नेले ते एका इंग्रजी विनोदी मालिकेने.

‘माइंड युअर लँग्वेज’ हे तिचे नाव. विन्स पॉवेल या लेखकाची ही मालिका इंग्लंडात ३० डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली. लंडनमधली एक रात्रशाळा, तिथे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारे जेरेमी ब्राऊन नावाचे सालस मास्तर आणि त्यांच्यापुढे बसलेले देशोदेशींचे प्रौढ विद्यार्थी, एवढाच तिचा संसार. उठता बसता हजारदा क्षमा मागणारा शीख रणजित, त्याच्याशी सदा भांडणारा पाकिस्तानचा अली, इटलीचा जिओव्हानी, फ्रान्सची दानिएल, चीनची, जपानचा, ग्रीसचा, स्पेनचा असे एकेक. भारतातली एक गृहिणीही त्यांत आहे. जमिला तिचे नाव. मास्तर एक विचारतात, उत्तर भलतेच येते आणि प्रेक्षागृहात हशा उसळतो. जुन्या मालिका आता मोबाईलवर सहज सापडतात. आमच्या मित्रमंडळींत हिचे भाग एकाने पाहिले आणि साथ पसरावी तशी ती सगळ्यांत पसरली.

या मालिकेचे आयुष्य मोठे नव्हते. तीन हंगाम, एकोणतीस भाग, आणि १९७९ मध्ये ती बंद झाली. प्रेक्षक मिळत नव्हते म्हणून बंद झाली म्हणावे, तर तसेही नाही. प्रेक्षक भरपूर होते. वाहिनीचे एक अधिकारी मायकेल ग्रेड यांना त्यातली परदेशी माणसांची ठोकळेबाज चित्रे अपमानकारक वाटली आणि त्यांनी ती थांबवली. पुढे १९८६ मध्ये तेरा भागांपुरती ती पुन्हा आली आणि गेली. पण खरे नवल पुढेच आहे. ज्यांचा अपमान होतो म्हणून ती बंद झाली, त्या भारत, पाकिस्तान, श्रीलंका अशा देशांत लोकांनी ती डोक्यावर घेतली! ज्याला चिमटा काढला तो हसतो आहे आणि शेजारचा कळवळतो आहे, असा हा प्रकार. मग खरे कुणाचे मानावे?

मी आमच्या तुमसरातच मते गोळा करायचे ठरवले. एक मित्र म्हणाला, “विनोद म्हणजे विनोद, त्यात एवढा विचार कशाला?” वर्गातली एक हुशार मैत्रीण म्हणाली, “शीख असाच, चिनी अशीच, हे ठरवून टाकणे बरे नाही. आणि इंग्रज मास्तर तेवढे शहाणे!” तिचे म्हणणे खोडता येण्यासारखे नव्हते. आमच्या एका प्राध्यापकांनी मला निराळीच गोष्ट दाखवली. शीख रणजितची भूमिका करणारे अल्बर्ट मोझेस हे जन्माने श्रीलंकेचे, आणि पाकिस्तानी अली झालेले दिनो शफीक हे जन्माने ढाक्याचे. “म्हणजे कोण कुठला, याची खुद्द मालिका करणाऱ्यांनाही फारशी फिकीर नव्हती,” असे ते हसत म्हणाले.

घरी काकूंना जमिला आवडली. वर्गात ती विणकाम घेऊन बसते, याचे सगळ्यांना हसू येते. काकू मात्र म्हणाल्या, “थे बाई घरचं समदं काम उरकून शाळेत येते, थे कोनी पाहात नाही.” आजोबांना इंग्रजीचे अक्षर येत नाही. मी अर्थ सांगत होतो आणि ते पाहत होते. दोन भाग पाहून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, “बाबू, थो मास्तर बरा आहे. वैतागते, पन कोनाले हाकलत नाही.”

आजोबांचे हे मत मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण त्यांनी असा वर्ग प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यांची हयात चिखल्याच्या मँगनीज खाणीत गेली. आपला तालुका म्हणजेच मिस्टर ब्राऊनचा वर्ग आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही इतकेच! उत्तरेला पाऊल टाकले की मध्य प्रदेश. देव्हाडीला तुमसर रोड स्टेशनावर उतरले की कानावर हिंदी आणि मराठी सारखीच पडते. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींवर कुणी छत्तीसगढी बोलणारा, कुणी गोंडी बोलणारा. धानाच्या बाजारात पोवारीत भाव ठरतो आणि मराठीत पावती होते. आणि आमच्यासारख्यांच्या घरात झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, तिच्यासाठी आयुष्य वेचले. या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. आमचे ‘पानी’ तुमच्या ‘पाण्या’इतकेच तहान भागवते आणि आमचा ‘डोरा’ही ‘डोळ्या’इतकेच पाहतो. पण हे व्याकरण शहरातल्या सभागृहाला कोण समजावून सांगणार?

मला तसा प्रसंग आला होता. पहिल्या वर्षाला असताना बाहेरगावच्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेसाठी गेलो होतो. विषय पाण्याच्या टंचाईचा होता. भाषण चांगले पाठ होते. पण रंगात आल्यावर पाठांतर मागे पडले आणि आतून घरची वाणी वर आली. “गावातल्या लोकायले पानी भेटत नाही,” असे मी पोटतिडकीने म्हणालो आणि सभागृह खदखदून हसले. वाक्यात हसण्यासारखे काय होते? गावाला पाणी मिळत नाही, यात विनोद कुठला? पण माझ्या गावाची तहान कुणाच्या कानांपर्यंत पोचलीच नाही. पोचला तो फक्त ‘न’.

त्यानंतर एक चमत्कारिक सवय मला जडली. वर्गात काही विचारायचे असले की आधी ते वाक्य मनातल्या मनात लिहून काढायचे, ‘ण’ आणि ‘ळ’ तपासायचे, ‘लोकायले’चे ‘लोकांना’ करायचे. हे सारे होईपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत. असे एक वर्ष गेले. हजेरीपटावर मी रोज हजर होतो, पण माझा आवाज गैरहजर होता.

म्हणूनच ही मालिका पाहताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. अली चुकतो, जिओव्हानी चुकतो, पण पुढच्या भागात ते पुन्हा तितक्याच उत्साहाने तोंड उघडतात. कसे? कारण तो हशा त्यांना ऐकूच येत नाही! हसणारे प्रेक्षक निराळ्या जगात आहेत; वर्गाच्या भिंती ओलांडून त्यांचे हसू आत शिरत नाही. आत आहेत फक्त सोबती आणि मास्तर. सोबतीही तितकेच अडखळणारे आणि मास्तर सकाळच्या चहासारखे कोमट पण भरवशाचे. खऱ्या वर्गाला मात्र अशी भिंत नसते. तिथे हशा बाकावर बसलेल्याच्या थेट छातीवर येऊन आदळतो. पडद्यावरचा विनोद आणि वर्गातली टवाळी यांत मला तरी एवढाच फरक दिसतो, पण तो फार मोठा आहे.

याच मालिकेवरून आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जबान संभालके’ ही हिंदी मालिका आली. शिक्षकाच्या भूमिकेत पंकज कपूर. इथे शिकायची भाषा हिंदी, आणि विद्यार्थ्यांत आपले विजू खोटे विठ्ठल बापूराव पोटे होऊन बसलेले! जन्माने मसुरीचे असलेले आणि अस्खलित हिंदी-उर्दू बोलणारे टॉम अल्टर यांनी त्यात अडखळत बोलणाऱ्या इंग्रजाचे सोंग घेतले होते. म्हणजे लंडनच्या वर्गातला न्याय इथे उलटा फिरला. आता साहेब बाकावर आणि हिंदी फळ्यावर. “विनोद म्हणजे विनोद” म्हणणाऱ्या माझ्या त्या मित्राला मी मुद्दाम हीही मालिका दाखवली. साहेब चुकला तेव्हा त्याने टाळी दिली. पोटे चुकले तेव्हा मात्र त्याची भिवई चढली. “मराठी माणूस म्हणजे असाच असतो का?” तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. प्रेक्षकाचे मत तो कुठल्या बाकावर बसला आहे यावरून ठरते, हे त्याने मला न विचारता सांगून टाकले होते.

तर मग माझे मत काय? ग्रेडसाहेबांच्या जागी असतो तर मी ही मालिका बंद केली नसती. बोलीच्या गमतीला हसूच नये, असे म्हणणारा मी कोण? दिवाळीनंतर आपल्या गावोगावच्या मंडईत दंडार आणि खडी गंमत रंगते, तिथे बोलण्याची थट्टा काय कमी होते? पण तिथे नट आमचा, बोली आमची आणि उलट उत्तर देणारा प्रेक्षकही आमचाच. ज्याची थट्टा झाली त्याला परत बोलण्याची मुभा असते. ही मुभा असली की विनोद गोड लागतो. ती काढून घेतली की उरतो तो नुसता हशा.

आणि एवढ्यासाठीच माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना आणि गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते. सिहोऱ्याहून, गोबरवाहीहून, नाकाडोंगरीहून दरवर्षी नवी मुले आपल्या वर्गात येतात आणि मागचा बाक धरून बसतात. त्यांच्यातला एखादा उठेल आणि ‘सर, मले समजलं नाही’ असे म्हणेल. हसू आले तर आवरू नका म्हणत नाही. हसू काही कुणाला विचारून येत नाही. पण त्याला काय समजले नाही, तेवढे मात्र त्याच तासाला समजावून सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो येईल, हजेरी देईल आणि गप्प बसेल. आणि आपल्याला वाटेल, वर्ग किती शांत आहे!