‘रहने दे’चा हिशेब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आम्ही वर्गात शिकवतो. तिला आणखी एक शेपूट जोडावे असे आम्हाला अनुभवाने वाटू लागले आहे. नात्यातल्या माणसाच्या घरात भाड्याने राहून पाहावे.

आम्ही दोघेही बी.एड. आणि दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक. एकाकडे मराठी, दुसऱ्याकडे गणित. जून २०१८ मध्ये सोलापुरात आलो तेव्हा एकाला शिक्षणसेवक म्हणून दरमहा ८,००० रुपये मानधन होते, दुसऱ्याला विनाअनुदानित शाळेत ६,००० मिळत. घर शोधायला निघालो. शाळेजवळच्या वसाहतींत खोली पसंत पडायची, भाडे ठरायचे, मग नाव विचारले जायचे. नाव सांगितले की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. हे आपल्या वाचकांना नवे नाही. शेवटी माणूस आपल्या माणसांकडे वळतो. आम्ही खालाकडे वळलो.

विजापूर वेशीच्या आत खालाचे जुने घर. खालू मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी वर दोन पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. खालू जाऊन बरीच वर्षे झालेली. थोरला मुलगा, म्हणजे आमचे भाईजान, पुण्याला. धाकटा तिथेच खाली. मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. ती आमच्यातील एकाची सख्खी खाला, पण महिनाभरात दुसऱ्याचीही तितकीच झाली. भाड्याचे विचारले तर म्हणाली, “अपनों से किराया लेते क्या?” आम्हीच हट्ट धरला, तेव्हा २,००० वर तयार झाली. त्या गल्लीत तशा दोन खोल्यांना ३,५०० चालत होते. कागद केला नाही, पावती मागितली नाही. आपल्या माणसात कागद म्हणजे अविश्वास, असे आम्हीही मानत होतो.

पहिले वर्ष सुखाचे गेले. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचे. खाला रात्री दोनला उठून आमचेही बॅरल भरायची. रमजानमध्ये इफ्तारीचे ताट खालून वर आणि वरून खाली फिरायचे.

जून २०१९ मध्ये पत्रा गळू लागला. आधी एक पातेले ठेवले, मग तीन, मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा भिजला. मिस्त्रीने वर चढून सांगितले की पत्रे सडले आहेत, ठिगळाने भागणार नाही. खालाकडे पैसे नव्हते. भाईजान फोनवर म्हणाले, “हो हो, करून घ्या, बघू नंतर.” आम्ही भिशी उचलली. पत्रे, लोखंडी अँगल, हुक, मजुरी धरून २६,४०० रुपये झाले. खाला म्हणाली, “किराये में काट लेना.” त्याप्रमाणे ऑगस्टपासून आम्ही महिन्याला ५०० कापून १,५०० देऊ लागलो. तिने कधी मोजून घेतले नाहीत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. विनाअनुदानित शाळेने पगार थांबवला. आठ हजारांत घर, गावाकडच्या अम्मीचे औषध आणि ऑनलाइन तासांसाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल. एप्रिलचे भाडे घेऊन खाली गेलो, तर खालाने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “रहने दे बेटा.” मे महिन्यातही तेच. ऑगस्टपर्यंत पाच महिने ती ‘रहने दे’ म्हणत राहिली आणि आम्ही पैसे परत घेऊन जिना चढत राहिलो.

ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापुरात अतिवृष्टी झाली. खाली खालाच्या खोलीत गटारीचे पाणी शिरले. ती दोन रात्री आमच्याकडे वर झोपली. पत्र्यावर पाऊस आपटत होता आणि एक थेंब आत येत नव्हता. अंधारात ती म्हणाली, “अच्छा किया पत्रा डाले.” तेव्हा विचारता आले असते. खाला, त्या पाच महिन्यांचे काय धरायचे? माफ की पत्र्यात वळते? आम्ही विचारले नाही. त्या रात्री असे काही विचारणे आम्हाला हलकेपणाचे वाटले.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, खाला गेली.

कब्रस्तानात मोजकीच माणसे होती. रिवाजाप्रमाणे भाईजान पुढे आले आणि म्हणाले की मरहूमाकडे कुणाचे देणे असेल तर मला सांगावे, मी जबाबदार आहे. आमची मान खाली गेली. त्या क्षणी पत्र्याचे पैसे आठवावेत याची लाज वाटली. पण त्याहून वाईट गोष्ट रात्री घरी आल्यावर लक्षात आली. आम्ही खालाचे घेणेकरी आहोत की देणेकरी, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

चाळिसाव्यानंतर भाईजानने विषय काढला. ऑगस्ट २०१९ ते मार्च २०२१ या काळातले थकलेले भाडे १७,५०० रुपये. आठ महिन्यांचे ४,०००, टाळेबंदीचे १०,०००, पुढच्या सात महिन्यांचे ३,५००. आम्ही म्हटले, ते तर पत्र्यात गेले. उलट आमचेच ८,९०० येणे आहे. भाईजान म्हणाले, “पत्रा तुमच्या सोयीसाठी टाकला. अम्मीने दोन हजारांत ठेवले, बाहेर साडेतीन चालतात. तीन वर्षांत ५४,००० वाचवले, ते कुठे लिहिले?” आमच्या तोंडून गेले, “घर तुमचे, गळका पत्रा तुमचा, तो आम्ही का बदलायचा?” धाकट्याने भांडे आपटले. आवाज खालच्या गल्लीपर्यंत गेले. ज्या जिन्यावरून ताटे फिरली त्याच जिन्यावर दोन महिने कुणी कुणाला सलाम केला नाही.

गणितवाल्याने एका रात्री दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. १७,५०० आणि ८,९००. बेरीज २६,४००. बरोबर पत्र्याचा खर्च. म्हणजे खोटे कुणीच बोलत नव्हते. भांडण एकाच प्रश्नाचे होते, पत्रा कुणाचा? त्यात दुसरा प्रश्न अडकला होता, ‘रहने दे’ म्हणजे काय? ‘माफ केले’, ‘सध्या नको, पुढे दे’ आणि ‘पत्र्यात धर’, हे तिन्ही अर्थ त्या दोन शब्दांत बसतात. सांगणारी मात्र मातीखाली होती.

एका विद्यार्थ्याचे वडील वकील आहेत. त्यांनी कायदा समजावला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी. मालकाने टाळले तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र एका वर्षातली ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. आमचे वर्षाचे भाडे २४,०००, चतुर्थांश ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. योगायोगाने आम्ही तेवढेच कापत होतो. टाळेबंदीचे महिने तेवढे त्या मर्यादेत बसत नव्हते. नोटीस तर कधी दिलीच नव्हती. पावती देणे मालकाचे काम, करारनामा लेखी करून नोंदवणेही मालकाचेच. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. वकीलसाहेब म्हणाले, “केस तुमची चांगली आहे.” घरी परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. खालाच्या मुलांवर केस जिंकून तिच्या कबरीवर फातेहा पढायला कोणत्या तोंडाने जायचे?

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, म्हणजे मनात शंका राहणार नाही, असा तिचा आशय. दर रमजानला तरावीहच्या सुरुवातीच्या रात्रींत आपण ती ऐकतो. आम्ही तर वर्गात पत्रलेखन शिकवतो. गटार तुंबल्याचा तक्रार अर्ज, पुस्तकांची मागणी. शेकडो मुलांना मायना आणि दिनांक कुठे लिहायचा ते शिकवले. स्वतःच्या खालाला चार ओळींची चिठ्ठी लिहिली नाही: पत्र्याला २६,४०० लागले, महिन्याला ५०० कापतो, खाली अंगठा दे. याला आम्ही प्रेम म्हणत होतो. खरे तर ती आमची सोय होती. ‘रहने दे’चा अर्थ विचारला नाही, कारण तो आमच्याविरुद्ध निघेल अशी भीती होती.

शेवटी मामू मध्ये बसले. दोन्ही बाजूंनी आपापला आकडा सोडायचा, असे ठरले. भाईजान म्हणाले, “माफ किया.” धाकट्यानेही म्हटले. आम्हीही म्हटले. जुलै २०२१ मध्ये आम्ही घर सोडले. नवे घर पुन्हा नात्यातलेच, फुफांचे. त्यांच्यापुढे आम्ही करारनाम्याचा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आम्ही त्यांना पत्र्याची गोष्ट सांगितली. त्यांनी नंतर सही केली, नोंदणीही झाली. दर महिन्याला पावती देताना ते अजून थोडे कुरकुरतात. नाते मात्र शाबूत आहे.

एक गोष्ट राहिली होती. ते १७,५०० खरोखर देणे असतील तर ते खालाच्या तिन्ही वारसांचे. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. म्हणजे आपाचा पाचवा भाग, ३,५०० रुपये. दोन भावांनी माफ केले, पण त्या बैठकीत आपाला कुणी विचारलेच नव्हते. आम्हीही नाही. एका रविवारी पाकिटात ३,५०० घालून आम्ही गुलबर्ग्याला गेलो.

आपाने सगळे ऐकले. पाकीट परत आमच्याकडे सरकवत म्हणाली, “रहने दे.”

आम्ही म्हटले, “आपा, तेवढे म्हणू नकोस. घे, नाहीतर माफ केले असे स्पष्ट म्हण.”

ती बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिली. मग तिने नोटा मोजल्या आणि ठेवून घेतल्या. म्हणाली, “अम्मी के मन में क्या था, मेरे को भी नहीं मालूम.” मुलाच्या वहीतले एक पान फाडून तिने उर्दूत लिहिले की ३,५०० मिळाले, आता काही बाकी नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि आम्हाला जेवायला बसवले.

तो कागद फुफांच्या करारनाम्याच्या फाईलमध्ये ठेवला आहे. आमचे ८,९०० तर आम्ही माफ केले आहेत. खालाने काय माफ केले होते ते कळायला वाव नाही. तिच्यासाठी हात उचलतो तेव्हा तेवढे विचारायचे राहून गेले, हे रोज आठवते.