पॅडस्टोच्या धक्क्यावर

इंग्लंडच्या नैऋत्येस समुद्रांत पाय पसरल्यासारखा जो चिंचोळा प्रांत दिसतो तो कॉर्नवॉल. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅमल नदी समुद्रास मिळते तेथें, पॅडस्टो नांवाचें लहानसें बंदर आहे. १८९९ सालीं येथवर आगगाडी आली, १९६७ सालीं ती बंद झाली, आणि रूळ उखडलेल्या त्या वाटेवरून आतां सायकली धांवतात. आम्ही गेलों मोटारींतून, आणि गेलों तें धक्क्यावरील एका मासळीच्या खाणावळींत उतरण्यासाठीं. ज्याच्या घरांत अंडेंही कधीं शिजलें नाहीं अशा माणसानें असल्या ठिकाणासाठीं वाट वांकडी करावी, याचें वाचकांस नवल वाटेल.

बंदराच्या तोंडाशीं वाळूचा एक मोठा दांडा आहे. त्यास डूम बार म्हणतात. कोणा मनुष्यानें एका जलपरीवर शस्त्र चालविलें आणि तिनें मरतां मरतां मूठभर वाळू फेकून बंदरास शाप दिला, अशी तेथील दंतकथा. शापाचें कांहीं असो, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सहाशेंहून अधिक जहाजें या वाळूनें अडविलीं वा गिळलीं. आंतल्या गोदींत पूर्वीं ओहोटीस नुसता चिखल उरे. आतां दरवाजा बसवून पाणी कोंडून ठेवतात, व भरतीच्या सुमारास तो उघडला कीं होड्या आंतबाहेर करतात. धक्क्यावर शेवंडी धरण्याच्या पिंजऱ्यांची रास, दोरखंडांचीं वेटोळीं, डोक्यावर घिरट्या घालणारे धीट कुरव पक्षी, आणि आमच्या हर्णैची आठवण व्हावी असा वास.

खाणावळीचें नांव अगदीं साधें: सी-फूड रेस्टॉरंट. जन्मकथा मात्र तितकी साधी नाहीं. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या रिक स्टाइन या गृहस्थांनीं एका मित्रासमवेत या इमारतींत प्रथम रात्रीचा क्लब काढला. तेथें स्थानिक कोळ्यांच्या वरचेवर मारामाऱ्या होऊं लागल्या आणि पोलिसांनीं त्यास टाळें ठोकलें. दिवाळें निघावयाची वेळ आली. परंतु इमारतीच्या दुसऱ्या भागांतील उपाहारगृहाचा परवाना शिल्लक होता. तेवढ्या आधारावर १९७५ सालीं येथें मासळीचें भोजनगृह सुरू झालें. चुलीशीं ते स्वतः उभे राहिले, आणि पत्नी जिल यांनीं बरोबरीनें हा व्याप उभा केला. कोळ्यांच्या भांडणांनीं जो क्लब बुडाला, त्याच्याच जागीं कोळ्यांच्या मासळीवर ही खाणावळ तरली. पुढें उभयतां विभक्त झालीं, तरी धंद्यांतील भागी मोडली नाहीं. आमच्याकडे एका छपराखालीं राहून भागी मोडणारे भाऊ पुष्कळ दिसतात!

पाकशास्त्राचें येथील मर्म गूढ नाहीं. मासा ताजा असावा आणि स्वयंपाक्यानें त्यावर फारशी कारागिरी करूं नये, एवढेंच. १९९५ पासून दूरचित्रवाणीमुळें स्टाइन यांचें नांव घरोघर झालें. २०१३ सालीं हिंदुस्थानांतील खाद्यप्रवासावर त्यांची मालिका व ग्रंथ निघाला, आणि गोव्याच्या मसाल्यांवर तर त्यांचें जुनें प्रेम. कीर्ति वाढली तशीं गांवांत त्यांचीं आणखी भोजनगृहें झालीं, तळलेल्या मासळीचें दुकान झालें, पाककलेची शाळा झाली. लोक थट्टेनें गांवास ‘पॅडस्टाइन’ म्हणूं लागले. या थट्टेंत थोडा कडवटपणाही आहे. परगांवच्या श्रीमंतांनीं सुटीपुरतीं घरें घेतल्यानें भाव चढतात, आणि ज्यांच्या जाळ्यांवर हें वैभव उभें राहिलें त्यांच्या मुलांस गांवांत घर घेणें जड जातें. हा दोष एका खाणावळीच्या माथीं मारणें मला न्यायाचें वाटत नाहीं. पण हिंवाळ्यांत ज्यांचे दिवे लागत नाहींत अशा खिडक्या मोजल्या म्हणजे तक्रार खोटीही वाटत नाहीं. समाधानाची गोष्ट अशी कीं, याच बंदरावर २००० सालापासून शेवंडींच्या पैदाशीचें केंद्र चालतें. अंडीं बाळगणाऱ्या माद्यांचीं पिलें तेथें जपून वाढवितात व समुद्रांत सोडतात. नुसतें घेत राहिल्यानें समुद्रही आटतो, हें या लोकांनीं ओळखलें आहे.

आतां आमच्या येण्याचें कारण. आमची धाकटी सून कारवारकडील सारस्वतांची. अकरा वर्षांपूर्वीं घरांत आली त्या दिवसापासून तिनें मासे सोडले. सोड म्हणून तिला कोणीं सांगितलें नाहीं. सांगावें लागलें नाहीं. चिरंजीवांच्या नोकरीमुळें विलायतेस बिऱ्हाड झालें, तेथेंही तिनें तो नेम मोडला नाहीं. हें मला ठाऊक नव्हतें, असें नाहीं. मीं त्याचा विचार केला नव्हता. विचार केला तो आमच्या कुटुंबानें. “समुद्राकांठची मुलगी ती, एकदां तिला पोटभर जेवूं द्या,” असें म्हणून तिनेंच हा बेत ठरविला.

वरच्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. दर ऐकून छाती दडपली, पण तें असो. रात्रीं मेजावर आम्हां दोघांपुढें भाज्यांचे पदार्थ आले आणि सुनेपुढें भाजलेला अखंड बांगडा. आपल्या बांगड्याचाच विलायती भाऊबंद. ती हात आंखडून बसली. “मामंजी, मी पलीकडच्या मेजावर बसतें,” ती म्हणाली.

“येथेंच बैस. मी खिडकींतून होड्या पाहतों.”

मीं होड्या पाहिल्या, पण सगळा वेळ नव्हे. तिचीं बोटें कांटा असा अलगद उचलीत होतीं, जशी आमची आई फुलांच्या परडींतील किडका देंठ उचली. जेवतां जेवतां ती आजीच्या स्वयंपाकघराबद्दल बोलूं लागली. हुमणाबद्दल, पावसाळ्यासाठीं वाळवून ठेवलेल्या सुंगटांबद्दल. अकरा वर्षांत एवढें बोलतांना मीं तिला ऐकलें नव्हतें. शेवटीं ताट सरकवून म्हणाली, “सारें उत्तम होतें. फक्त तिरफळ नव्हतें.”

बाहेर भरती चढत होती. गोदीचा दरवाजा उघडला असावा, कारण दोन होड्या दिवे लावून बाहेर पडल्या. कुटुंब म्हणालें, “पुण्यास येशील तेव्हां मागच्या गॅलरींत शेगडी ठेवूं. भांडीं निराळीं.”

सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें. मीं घसा साफ केला आणि मंडईंत तिरफळें मिळतात का, तें विचारलें.