तबकडी लावण्यापूर्वी

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले आणि पुढे संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी चित्रे काढली, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले, 1939 साली प्रजेच्या हाती राज्यकारभाराची सूत्रे दिली. परंतु या सर्वांहून मला विशेष वाटते ती त्यांची कीर्तनाची हौस. ज्यांच्या एका हुकमाने कचेरीतील दप्तरे हलत, ते गृहस्थ आपल्याच रयतेपुढे कीर्तनास उभे राहत, आणि उभे राहताच त्यांची सत्ता मंडपाबाहेर राही. फर्मान काढून माणसे आणता येतात, बैठकीवर बसविता येतात, फार तर रात्रभर बसवून ठेवता येतात. त्यांचे कान उघडण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सनदेत लिहिलेला नसतो. तो अधिकार कीर्तनकाराला दर कीर्तनात नव्याने मिळवावा लागतो, आणि पूर्वरंगाचे निरूपण थोडे लांबले की राजेसाहेबांच्या देखतही शेवटच्या रांगेतला माणूस डुलक्या घेतोच.

मी कीर्तनकार नाही आणि गवईही नाही. आमच्या औंधातील घराच्या सोप्यात जुन्या लाखेच्या तबकड्या लावून चार माणसांना ऐकविणे हा माझा उद्योग आहे, आणि त्यास कला म्हणावे की व्यसन याविषयी आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही. तथापि एवढी वर्षे हा उद्योग केल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, आपल्याला थांबवून ठेवणारे गाणे दुसऱ्यापुढे ठेवताना गाण्याच्या निवडीला जितके महत्त्व आहे, त्याहून अधिक त्या गाण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काही क्षणांना आहे. निवड कोणीही करतो. हल्ली तर मोबाईलवर दिवसाकाठी दहा गाणी धाडणारे स्नेही प्रत्येकाला असतात, आणि ती दहाही न ऐकता ‘अप्रतिम’ असा शेरा परत पाठविण्याची मुभा आपण सर्वांनी एकमेकांना मूकपणे देऊन ठेवली आहे.

प्रथम यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण ऐकविणाऱ्याचे निम्मे काम तेथेच असते. लाखेची तबकडी मिनिटास 78 फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका अंगावर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. पोलादी सुई प्रत्येक अंगासाठी नवी घालावी लागते, कारण तेवढ्या तीन मिनिटांत तिचे टोक झिजते आणि झिजलेली सुई पुढच्या खेपेस रेघा खरवडून काढते. चावी प्रत्येक वेळी पुरती द्यावी लागते. आळस केला तर गाणे शेवटाकडे मंदावते, गवयाचा षड्ज ऐन तानेत उतरू लागतो आणि श्रोता दोष मात्र त्या बिचाऱ्या परलोकवासी गवयाच्या माथी मारतो. तबकडी साध्या पाण्याने, मऊ सुती फडक्याने, मधला कागद भिजू न देता पुसावी. स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. ठेवताना ती उभी ठेवावी, एकीवर एक रचू नये. औंधचा उन्हाळा असा आहे की खिडकीशी विसरलेली तबकडी संध्याकाळपर्यंत पापडासारखी वाकते.

या खटाटोपात एक लाभ असा झाला की, दोन गाण्यांच्या मध्ये विराम आपोआप पडतो. सुई बदलायची, चावी द्यायची, तबकडी उलटायची; तोवर कोणालाही बोलण्याची घाई नसते आणि नुकतेच संपलेले गाणे मनात बसावयास अवसर मिळतो. पुढे लांब तबकड्या आल्या, ध्वनिफिती आल्या, आता तर गाण्यामागून गाणे आपणहून सुरू होते. हा विराम मात्र गेला. मी आता पुष्कळदा नवी यंत्रेही वापरतो, पण दर गाण्यानंतर ती हाताने थांबवितो. पाहुण्यांना वाटते, म्हाताऱ्यास यंत्र उमगत नाही. वाटो बापडे.

आपणास सर्वांत प्रिय असलेले गाणे प्रथम कधीही लावू नये. माणूस रानातून आलेला असतो, बाजारातून आलेला असतो, एस.टी.त उभ्याने प्रवास करून आलेला असतो. त्याच्या कानात अजून दुसऱ्याच आवाजांची वस्ती असते. त्याला आधी ओळखीचे एखादे नाट्यपद द्यावे, जे ऐकताना त्याची मान आपोआप हलेल. मग थोडे अनोळखी, आणि तिसरे किंवा चौथे आपले. रागाचे नाव आधी सांगू नये. नाव सांगितले की जाणता श्रोता परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि नेणता श्रोता आपल्याला यातले काही कळत नाही म्हणून अंग चोरतो. दोघेही गाण्यापासून सारखेच दूर जातात. नाव मागाहून सांगावे, तेही कोणी विचारल्यास. आणि सर्वांत कठीण नियम हा की, गाणे चालू असता ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये. आपल्या आवडत्या जागेवर याची दाद येते की नाही हे पाहण्याची उत्कंठा दुर्निवार असते, हे मी जाणतो; पण ती नजर श्रोत्यास तगाद्यासारखी वाटते, आणि तगाद्याला भिऊन दिलेली दाद ही वसुली झाली.

एकदा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावली होती. खाँसाहेब किराण्याचे खरे, पण ते मिरजेस स्थायिक झाले, मिरजेच्या मातीत विसावले, तेव्हा आमच्या मुलखाचा त्यांच्यावर थोडा हक्क आहे असे मी समजतो. शेजारच्या काकू विरजण मागावयास वाटी घेऊन आल्या आणि उंबरठ्यावरच थबकल्या. आत या, असे मी म्हटले नाही. म्हटले असते तर त्या संकोचून निघून गेल्या असत्या. तबकडी संपली तेव्हा त्या म्हणाल्या, “तात्या, ह्यो मानूस गातोय का रडतोय ओ?” मी काही बोललो नाही, सुई बदलू लागलो. “पुन्यांदा लावा की,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा लावली. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संगीतावर लिहिणाऱ्या विद्वानांनी पाने खर्ची घातली आहेत, खाँसाहेबांच्या स्वरातील आर्ततेची मीमांसा केली आहे. परंतु हातात वाटी धरून उभ्याने दोन वेळा ऐकल्याखेरीज तो प्रश्न इतक्या नेमकेपणे पडत नाही असे मला वाटते.

लागलीच दुसऱ्यांदा ऐकविणे ही युक्ती मी त्या दिवसापासून उचलली. पहिल्या खेपेस श्रोता पुढे काय येणार या विवंचनेत असतो. दुसऱ्या खेपेस वाट ठाऊक असते, म्हणून तो वाटेवरची झाडे पाहतो. तीन मिनिटांच्या तबकडीत गवयाने जे साधले आहे तेही दुसऱ्या ऐकण्यातच कळते. एरवी तासभर राग मांडणाऱ्या माणसाला मुखडा, थोडी आलापी, अंतरा आणि ताना एवढ्यात बसवावयाचे असते, आणि चांगला गवई त्यात घाई जाणवू देत नाही. खाँसाहेब तर जणू अख्खी रात्र आपल्यापुढे मोकळी पडली आहे अशा निवांतपणे गातात.

गाणे ऐकविण्याचा मराठी मुलखातला सर्वांत मोठा प्रयोग ज्याने लिहिला तो कवीही आमच्याच संस्थानचा. ग. दि. माडगूळकरांचे बालपण या संस्थानच्या माणदेशी भागात गेले, शिक्षणही काही काळ औंधास झाले. बाळासाहेबांनी 1916 साली ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले होते. त्यांच्या मुलखातील या मुलाने पुढे ‘गीतरामायण’ लिहिले. यात कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी आवरतो, तरी योगायोग मनोहर आहे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आणि दर आठवड्यास एकच गीत, अशा क्रमाने 56 गीते झाली. त्यांतील एकेक गीत सुंदर आहेच. पण एका गीतानंतर आठवडाभर थांबावे लागे, वर्तमानपत्रांतून शब्द उतरून घ्यावे लागत, घरोघरी ते गुणगुणले जाई आणि मगच पुढचे येई, या योजनेचा वाटा मला त्या यशात फार मोठा दिसतो. हीच 56 गीते सलग दोन दिवसांत ऐकवून टाकली असती तर त्यांची वाहवा झाली असती. लोकांनी रेडिओला फुले वाहिली नसती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील शास्त्रज्ञांचे. 1977 साली त्यांनी ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने आकाशात सोडली आणि कार्ल सेगन यांच्या समितीने त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविली. सबंध पृथ्वीवरून निवडलेल्या संगीताच्या 27 रचना तीत आहेत. भारताचे प्रतिनिधित्व एकटी साडेतीन मिनिटांची भैरवी करते, आणि ती गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची आहे. आकाशवाणीवर गाण्यास जी मानिनी राजी नसे, तिचा आवाज प्रत्यक्ष आकाशातून चालला आहे. दुसरे यान निघाले त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. निवड निर्दोष होती यात शंका नाही. क्रमाविषयी मात्र माझी तक्रार आहे. भैरवी झाली की बैठक बरखास्त होते, हे आमच्या खेड्यातले पोरही जाणते. त्या समितीने भैरवीनंतर आणखी दोन रचना ठेवल्या, शेवटची बेटोफेनची. परग्रहावरील श्रोते भैरवी होताच उठून गेले तर त्यांना दोष देता येणार नाही.

हे सारे तबकडीविषयी झाले. तबकडी हा अखेर लाखेवर उतरलेला दस्तऐवज आहे. मूळ व्यवहार समोरासमोरचा, आणि तो पाहावयाचा तर औंधातच पाहावा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली येथे संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, जे गाण्यात आणि व्हायोलिनात सारखेच अधिकारी होते आणि ज्यांनी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम पचविली होती, त्यांनी तो पुढे चालविला. त्यांच्या पश्चात शिष्यपरिवार चालवीत आहे, आणि उल्हास कशाळकरांसारखा गवई त्याच परंपरेतला. या उत्सवात कलावंत हजेरी लावतो ती गुरूपुढे. श्रोते समोर असतात, पण गाणे त्यांच्या दिशेने फेकलेले नसते. ते मधून चाललेल्या वाहत्या पाण्यापाशी बसल्याप्रमाणे ऐकतात, आणि मला वाटते ऐकविण्याची याहून सभ्य रीत नसेल. श्रोत्याला खूश करण्याची जबाबदारी गवयावरून उतरली की तो विलंबितात निर्भयपणे थांबतो, एका स्वरावर राहतो, न जमलेली जागा पुन्हा घेऊन पाहतो. शहरातील तिकिटाच्या मैफलीत हे धैर्य दुर्मीळ झाले आहे. तेथे फर्माईश चालते. येथे फर्माईश करण्यास जीभ रेटत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना तबकडी रुचली, त्यांना मी या उत्सवास धाडतो, आणि काहींना ती रात्र पेलत नाही. ते मध्यरात्री उठून घरी जातात. त्यात मला वावगे वाटत नाही. ज्याला आज तीन मिनिटे पुरली त्याला उद्या तास लागेल, किंवा लागणारही नाही.

उत्सव आश्विन वद्य पंचमीस असतो, म्हणजे कोजागरीनंतर पाच दिवसांनी. रेल्वेने येणाऱ्यांनी रहिमतपूरला उतरावे, तेथून पुढे रस्त्याने यावे. दिवसा यमाईचा डोंगर चढून संग्रहालय पाहून घ्यावे, दुपारी थोडे झोपावे, आणि रात्री बसताना शाल जवळ ठेवावी. आश्विनात इकडे पहाटेस गारठा पडतो. कोणी कोणता राग गायला हे शेजाऱ्यास तेवढे विचारू नये.