डायरेक्ट पाचवी लेव्हल

कच्चा लिंबू म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. घरातलं सगळ्यात धाकटं पोर रडायला लागलं की त्याला खेळात घेतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट झालं तरी आउट धरत नाहीत. त्याला वाटतं आपण खेळतोय. बाकीच्यांना खरं काय ते माहीत असतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात कधी ना कधी एक वाद होतो. खेळ महिनोन्महिने चालू आहे, सगळ्यांची पात्रं मोठी झाली आहेत आणि एक नवीन माणूस येतो. त्याचं पात्र कितव्या लेव्हलपासून सुरू करायचं? मला हा वाद कच्च्या लिंबाचाच वाटतो.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जगात फिरतात. जमलं की फसलं, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. पात्र पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत जाऊ शकतं आणि तिथवर पोचायला वर्षंही लागतात.

मी अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आलो तो डायरेक्ट सेकंड इयरला. दहावीनंतर तीन वर्षं मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. बाकीची पोरं बारावी आणि सीईटी करून पहिल्या वर्षापासून एकत्र होती. त्यांचे ग्रुप ठरलेले, टोपणनावं ठरलेली, जोक ठरलेले. एम-थ्रीच्या पुस्तकात पहिल्याच पानापासून एम-वन आणि एम-टू गृहीत धरलेलं. ते दोन्ही मी केलेलेच नव्हते.

रविवारी दुपारी चौघं-पाच जण मेसच्या कोपऱ्यात बसून हा खेळ खेळायचे. नियमांची फुकट मिळणारी पीडीएफ फोनवर, फासेही फोनवरच. डीएम जुन्नरकडचा. त्यामुळे त्याच्या जगात उसात बिबटे होते आणि नाणेघाटासारखा एक घाट होता. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण, आणि त्यात जकात टाकल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. मी तीन रविवार नुसता बघत बसलो आणि चौथ्या रविवारी विचारलं, "मला घेता का?"

घ्यायला कुणाचीच ना नव्हती. अडलं ते लेव्हलवर. त्यांची पात्रं पाचव्या लेव्हलला होती.

"पहिलीपासून सुरू कर," एक जण म्हणाला. "आम्ही वर्षभर खपलोय."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. हिशोबही त्याच्या बाजूने होता. २०१४च्या नियमांत पाचव्या लेव्हलला ६,५०० अनुभव-गुण लागतात आणि सहाव्या लेव्हलला १४,०००. मधलं अंतर ७,५००. सगळ्यांना सारखे गुण मिळाले, तर बाकीचे सहावीला पोचेपर्यंत पहिलीवाला पाचवी ओलांडतो. १९८१च्या नियमांतही लढवय्याला पाचवीसाठी १६,००० आणि सहावीसाठी ३२,००० गुण लागत. तिथेही तसंच. म्हणजे कागदावर अंतर आपोआप मिटतं.

अट एकच, तोवर जगायला हवं. पाचव्या लेव्हलच्या टोळीसमोर येणारे शत्रू फायरबॉल टाकतात. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८चा मार. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे असतात साधारण ८ हिट पॉइंट. शून्यावर आल्यावर उरलेला मार त्याच्या पूर्ण हिट पॉइंटएवढा किंवा जास्त असेल, तर तो जागीच मरतो. इथे उरतात २०. वेळेवर उडी मारून वाचला तरी अर्धा मार, म्हणजे १४. तरीही तो आडवा होतो. पाचव्या लेव्हलचा ४४ हिट पॉइंटचा लढवय्या मात्र पूर्ण मार खाऊनही उभा असतो. मग डीएमपुढे दोनच वाटा उरतात. नव्याला पहिल्याच दिवशी मारायचं, किंवा शत्रूंनी त्याच्याकडे बघायचंच नाही असं गुपचूप ठरवायचं. दुसरी वाट दयाळू दिसते. पण ज्याला कुणी मारत नाही, तो खेळात नसतो.

डीएम बराच वेळ गप्प होता. मग मला म्हणाला, "तू पाचवीलाच ये. फक्त एक सांग, आधीच्या चार लेव्हल तू कुठे काढल्यास?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी तीन वर्षं काय केलं होतं? वर्कशॉपमध्ये उभं राहून कानशीने लोखंड घासलं होतं, गुण्या लावून काटकोन तपासला होता, लेथवर हात काळे केले होते. मी लोहार केला. हातात घण, आणि कुठल्याशा दूरच्या भट्टीवर चार लेव्हल काढलेल्या. पुस्तकात नियमच आहे की पाचवी ते दहावीत सुरू होणाऱ्या पात्राला नेहमीच्या सामानाशिवाय ५०० सोन्याची नाणी मिळतात, आणि दहा बाजूंच्या फाशावर जे येईल त्याच्या २५ पट आणखी. लोहार लढवय्या होता, म्हणून मंत्रांची लांबलचक यादी पाठ करायची नव्हती. सगळं एका पानात मावलं. लेव्हल बरोबरीची, पण पाठ करायचं कमी. नवख्याला हेच लागतं. एम-थ्रीचंही तसंच झालं. मला कुणी पहिल्या वर्षात परत बसवलं नाही. त्यातल्याच एकाने त्याची एम-वनची वही आणून दिली आणि चार रात्री सोबत बसला.

आकडे मिळाले तरी गोष्ट मिळत नाही. कुठल्या पाटलाने त्यांना दगा दिला, त्यांचा बुटका नदीत का उतरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ते सांगताना त्यांचीच आपसात भांडणं झाली, आणि त्या भांडणांतून मला सगळं कळलं.

पाचव्या-सहाव्या रविवारी घाटाच्या माथ्यावर, रांजणापाशीच, माझा लोहार मेला. डीएमने फासा सगळ्यांसमोर टाकला, लपवला नाही. आमच्यातल्या पुजाऱ्याला एक मंत्र येत होता. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत टाकला तर माणूस उठतो. पण त्याला ३०० नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो कुणाकडेच नव्हता. टेबल गप्प झालं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी आउट झालो होतो आणि सगळ्यांनी ते आउट धरलं होतं. पुढच्या रविवारी मी नवीन पात्र आणलं. तोवर बाकीचे सहावीला पोचले होते. माझं पात्र कितव्या लेव्हलचं, हे कुणी विचारलंच नाही.

तुम्ही खेळ चालवत असाल तर माझं म्हणणं एवढंच. सगळेच नवे असतील, तर पहिलीपासूनच सुरू करा. त्या दोन-तीन लेव्हलमध्येच खेळ कळतो. टोळी आधीच पुढे गेली असेल, तर नव्याला तिथेच घ्या. सातवी-आठवीतला फरक एक वेळ चालतो. चौथी-पाचवीतला चालत नाही, कारण पाचवीला लढवय्याचा वार दुप्पट होतो आणि जादूगाराच्या हातात फायरबॉल येतो.

पुढच्या वर्षी आमच्यात एक मुलगी आली, तीही डिप्लोमा करूनच. तेव्हा तो प्रश्न मी विचारला. चार लेव्हल कुठे काढल्यास? ती थोडा विचार करून म्हणाली, "घाटात. मेंढरं राखत." तिसऱ्या रविवारी उसाच्या कडेने जाताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, "मी खाली बघते." फासा टाकला, १९ आले. पावलं बिबट्याची होती, आणि आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.