बाई, वर बघू नका!

मुलांनो, शाळेत उशिरा आलेल्याला तुमच्या बाई काय करतात? दारात उभं करतात ना? मीही करायची. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि त्यात पळणाऱ्या बाईंची थोडी फजितीसुद्धा आहे.

मी राहते साताऱ्यात आणि शिकवते कासच्या रस्त्याला, घाटमाथ्यावरच्या एका लहानशा शाळेत. रोज सकाळी यवतेश्वरचा घाट चढून जाते. 'चढते' म्हणायचं आपलं. चढते ती माझी स्कूटर! मी नुसती बसलेली असते.

त्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. डोंगराच्या निम्म्या उतारावर तिची वाडी. तिथून पायवाटेनं ती शाळेत यायची. पावसाळा सुरू झाला आणि आठवड्यातून दोनतीनदा तिला उशीर होऊ लागला. परिपाठ संपलेला असायचा, मी फळ्यावर गणित लिहीत असायची आणि ही दारात हजर. "जरा लवकर निघता येत नाही का गं?" मी सगळ्यांसमोर विचारायची. ती दप्तराचा पट्टा धरून गप्प उभी. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, काय हट्टी पोर आहे!

आता दुसरी बाजू ऐका. साताऱ्यात 2012 सालापासून हिल मॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटरची शर्यत! गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं उतरून परत यायचं. दरवर्षी मी टाळ्या वाजवायला जायची. त्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, मी नाव नोंदवलं. घरात सगळे हसले. "स्कूटरवरून पळणार का?" असं आमच्या मुलानं विचारलंसुद्धा!

पहिल्या रविवारी समर्थ मंदिरापासून सुरुवात केली. शाळेच्या शर्यतीत पळतात तशी, लांब लांब ढांगा टाकत. दुसऱ्या वळणावर पोटात कळ आली. कठड्यावर बसले, तर दोन माकडं येऊन माझ्याकडे खाऊ आहे का ते बघून गेली. पुढच्या रविवारी धुकं. गाड्या अगदी जवळ आल्यावरच दिसायच्या. तेव्हापासून मी भडक पिवळा सदरा घालायला लागले आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं पळायला लागले. तिसऱ्या रविवारी कुत्री मागे लागली. कुत्र्यांपुढं पळायचं नसतं बरं का! पळालं की ती जास्तच चेव धरतात. मी थांबले आणि हळूहळू चालत बाजूला झाले. छाती मात्र धडधडत होती.

चौथ्या रविवारी घाटात निम्म्यावर कमरेत वाकून धापा टाकत होते. पायवाटेवरून कोणीतरी वर आलं. हातात दुधाची रिकामी किटली. तीच!

"बाई, स्कूटर बंद पडली?"

"नाही गं... पळतेय."

तिनं तोंडावर हात धरला. हसू आवरून म्हणाली, "बाई, वर बघू नका. वर बघितलं की डोंगर लई मोठा दिसतो. चार पावलं पुढं बघा. पाऊल बारकं टाका. आणि माझ्यासंगं बोलत चला. बोलता येईना झालं, की हळू व्हायचं."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"आजीनं. गवताचा भारा घेऊन चढताना."

आजीचं शास्त्र अगदी पक्कं होतं. चढावर प्रत्येक पावलाला आपलं सगळं वजन वर उचलावं लागतं. स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदय आणि फुप्फुसं घाईला येतात. ढांग लांब टाकली की एका दमात जास्त उचलावं लागतं. पाऊल लहान ठेवलं की तेच काम वाटून होतं. कमरेत वाकलं तर श्वासाला जागा उरत नाही. आणि बोलता येतंय का, हे पाहणं म्हणजे तर फुकटचं मोजमाप! (उतार सोपा, असं मात्र समजू नका. तिथं मांड्यांना ब्रेकचं काम करावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी जिना धरधरून उतरले होते.)

तर आम्ही बोलत चढू लागलो. मी सहज विचारलं, "तुला शाळेत यायला किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. ओढ्याला पाणी आलं की वरनं वळसा पडतो. मग जास्त."

उशीर व्हायचा ते सगळे दिवस धो धो पावसाचे होते. माझ्या हजेरीपटात त्याची नोंद नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"चढून आल्या आल्या बोलता येत नाही, बाई. दम लागलेला असतो. आन् तोवर तुमचं गणित सुरू झालेलं असतं."

यावर मलाच बोलता येईना. या वेळी चढामुळं नव्हे.

सोमवारी मी वर्गासमोर तिची माफी मागितली. मग पोरांना ललिता बाबर यांची गोष्ट सांगितली. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोही गावच्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या धावल्या आणि दहाव्या आल्या. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी असते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, आमच्या वाटेवर त्यापेक्षा जास्त आहेत!" सगळा वर्ग हसला. तीही हसली.

शर्यत मी पुरी केली. दोन वळणं चक्क चालले. किती वेळ लागला ते विचारू नका.

त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा मुसळधार पाऊस झाला. ती दारात आली, निथळत. मी खडू खाली ठेवला आणि तिला आत घेऊन बाकावर बसवलं. थोड्या वेळानं श्वास खाली बसल्यावर ती म्हणाली, "बाई, आज साकवावरनं पाणी होतं. वरनं आले."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि फळ्यावरचं गणित पुसून पहिल्यापासून लिहायला घेतलं.