चार फुटांची रेघ

मराठी माणसाला मापासाठी फार काळ स्वतःच्या शरीराबाहेर जावे लागले नाही. कापड हाताने, अंतर पावलांनी, मीठ चिमटीने आणि विहिरीची खोली ‘पुरुषां’नी मोजली जाई. आडात दोन पुरुष पाणी आहे असे कुणी म्हटले की पाण्याची खोली आणि त्याविषयी बाळगायची भीती, दोन्ही एकदमच कळत. ओढ्याला पाणी घोटाभर असे, गुडघाभर असे, कमरेएवढे असे. ही मापे सैल होती आणि काटेकोर हिशोबाला निरुपयोगीच होती. तथापि पोहायला निघालेल्या मुलाला ‘कमरेच्या पुढे पाण्यात जायचे नाही’ अशी ताकीद मिळे, तेव्हा ती कमर त्याची स्वतःची असे. मुलाची मर्यादा मुलाबरोबर चाले आणि त्याच्याबरोबरच वाढे.

करमणूक उद्यानातल्या राइडच्या तोंडाशी जी रेघ असते ती मात्र कुणाबरोबर चालत नाही. एक रंगीत फळी, तिच्यावर हात आडवा धरून उभे असलेले एखादे अस्वल किंवा विदूषक, आणि त्या हाताच्या पातळीवर एक आकडा. तू माझ्याएवढा असशील तरच आत ये, असे ते अस्वल सांगत असते. हसत सांगते, हे विशेष. जगभरात या रेघेचे काही ठरलेले मुक्काम आहेत: १०७ सेंटिमीटर, १२२ सेंटिमीटर, १३७ सेंटिमीटर. आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात इंचांत जन्मले आहेत. बेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि चोपन्न. यांतला मधला, म्हणजे बरोबर चार फूट, हा बालपणाच्या दृष्टीने सर्वांत नाट्यमय म्हणावा लागेल. कित्येक मोठ्या रोलर कोस्टरचे दार तिथे उघडते.

आम्ही उभयता साहित्य शिकवणारी माणसे. नियम दिसला की त्यामागची सत्ता शोधावी ही आमची व्यावसायिक खोड. परंतु या नियमामागे आधी यंत्र आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. चढावाच्या माथ्यावरून डबा खाली वळतो त्या क्षणी तो रुळाबरोबर वळतो, आतले शरीर मात्र आपल्या मूळच्याच दिशेने जाऊ पाहते. माणूस आसनावरून उचलला जातो. पोटात गोळा येतो तो तेव्हाच. त्याला धरून ठेवते ती मांड्यांवर आलेली दांडी. प्रौढाच्या मांडीशी आणि ओटीपोटाशी ती जशी घट्ट बसते, तशी आखूड मांडीच्या मुलाला बसत नाही. मूल तिच्याखालून निसटू शकते. खांद्यांवरून उतरणाऱ्या जोखडाचेही तेच. खांदा ठरावीक पातळीच्या खाली राहिला तर जोखड खांद्यावर न टेकता हनुवटीपाशी, कानापाशी आदळते. पाय तळाला टेकत नसतील तर धक्क्यात स्वतःला सावरता येत नाही. शिवाय लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. एवढ्या साऱ्या गोष्टींची ढोबळ खूण म्हणून उंची. वय विचारावे तर जन्मदाखला मागावा लागेल, वजन विचारावे तर काटा ठेवावा लागेल आणि रांगेतल्या माणसांसमोर कुणाचा तरी पाणउतारा होईल. उंचीला एक काठी पुरते. आणखी एक गोष्ट त्या काठीने गृहीत धरलेली असते: चार फूट झालेले मूल सांगितलेले ऐकेल, हात बाहेर काढणार नाही, मध्येच उठणार नाही. म्हणजे समंजसपणाही सेंटिमीटरमध्येच मोजायचा. असो.

गंमत अशी, की याच उद्यानाच्या तिकीट-खिडकीवर उंचीचा दुसरा एक हिशोब आधीच होऊन गेलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच उद्यानांत मुलांचे तिकीट वयावरून नव्हे, उंचीवरून ठरते. एसटीत आणि रेल्वेत पाच ते बारा वर्षे हा अर्ध्या तिकिटाचा काळ. ‘कंडक्टरनं विचारलं तर अकरा सांग’ हे वाक्य ऐकत आमची पिढी वाढली. कल्पित वाङ्मयाशी आमच्यातल्या कित्येकांचा पहिला परिचय तिथेच झाला असावा. उंचीवरच्या तिकिटात खोटे बोलण्याची सोय नाही, पण खोटे उभे राहण्याची आहे. चीनमध्ये रेल्वेचे लहान मुलांचे तिकीट दीर्घकाळ उंचीवरून ठरे. मुले पूर्वीपेक्षा उंच होऊ लागली, सहावी-सातवीतल्या मुलांना पूर्ण भाडे पडू लागले, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथे वयाचा निकष आला. आपल्या उद्यानांत काठी टिकून आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत अशाच एका उद्यानाच्या खिडकीपाशी आमच्या पुढे एक कुटुंब उभे होते. वडिलांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो हात प्रेमाचा असला तरी त्याचा भार खाली होता. ‘गुडघे जरा सैल सोड,’ ते हळूच म्हणाले. मुलगा बालक ठरला. तासाभराने हाच मुलगा आम्हाला रोलर कोस्टरच्या रांगेत दिसला, टाचा उचललेल्या, मान ताणलेली, केस हाताने वर केलेले. वडील मागे उभे राहून त्याला म्हणत होते, ‘ताठ, अगदी ताठ!’ एकाच दिवशी, एकाच बापाच्या सांगण्यावरून लहान आणि मोठे व्हायचे होते त्याला. दोन्ही त्याने विनातक्रार केले. रघुवंशाच्या आरंभी कालिदासाने स्वतःला, उंच माणसाच्या हाताला येणाऱ्या फळासाठी हात उंचावणाऱ्या ठेंगण्याची उपमा दिली आहे, आणि तिचा उल्लेख निघाला की वर्गात कवीचा विनय सांगितला जातो. त्या रांगेत आम्हाला विनय कुठे दिसला नाही. टाचा तेवढ्या दिसल्या.

आमच्याबरोबर आमचा मुलगा होता आणि त्याची मामेबहीण. दोघांच्या जन्मांत वीस दिवसांचे अंतर, दोघेही सात पूर्ण. ती त्याच्याहून चार बोटे उंच. घरात हा फरक कुणाच्या लेखी नव्हता. एकाच ताटात जेवणारी, एकमेकांचे कपडे घालणारी मुले ती. काठी धरणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, आसपासच्या गावातला असावा. ती काठीखाली उभी राहिली, केस काठीला लागले, ती आत गेली. हा उभा राहिला तेव्हा डोके आणि काठी यांच्यामध्ये दोन बोटे उजेड राहिला. ‘दादा, नाही चालणार,’ पोरगा म्हणाला, ‘पुढच्या वर्षी ये, मी इथंच असतो.’ सात वर्षांच्या मुलाला त्याने दादा म्हटले, हे आमच्या लक्षात राहिले आहे. आमच्यापैकी एकजण तिच्याबरोबर आत गेली, एकजण कठड्यापाशी थांबला. मुलगा रडला नाही. त्याने गाड्या मोजायला सुरुवात केली. एक फेरी किती वेळात संपते ते विचारून घड्याळ हातात घेतले. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि डोळे चमकत होते. त्याच्यापाशी येऊन ती म्हणाली, ‘काही खास नव्हतं रे.’ तो म्हणाला, ‘मग तू ओरडत का होतीस?’ तिला उत्तर सुचले नाही. त्यानंतरच्या सगळ्या राइड तिने त्याच्या मापाच्या निवडल्या, आणि त्याला ते कळत होते, हेच त्याला अधिक जड गेले असावे.

सात वर्षांच्या मुलाची सरासरी उंची काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या संदर्भ-आलेखांनुसार सात पूर्ण झालेल्या मुलग्याची मध्यक उंची १२१.७ सेंटिमीटर, मुलीची १२०.८. म्हणजे चार फुटांची रेघ ही जवळजवळ सातव्या वाढदिवसावरच ओढलेली आहे, पण ती आलेखातल्या मधल्या मुलासाठी. आलेखाच्या खालच्या कडेला, ज्याच्या खाली वाढ खुंटलेली मानतात तिथे असलेला मुलगा हीच रेघ नऊ वर्षे उलटून गेल्यावर ओलांडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आमच्या मुलाचे दोन बोटे कमी पडणे हे आनुवंशिक आहे; त्याचे दोन्ही आजोबा बुटके. पण राज्यातल्या दर तीन मुलांमागे एकाची कमी पडलेली बोटे ही आईच्या आणि त्याच्या ताटातून कमी झालेली आहेत. ती मुले अर्थातच त्या रांगेत नसतात. उद्यानाचे तिकीट त्यांच्या घराच्या आवाक्याबाहेरचे. शाळेच्या सहलीतून त्यांच्यातली काही तिथे पोहोचली, तर काठी त्यांना ‘तू अजून लहान आहेस’ असे सांगेल. ती लहान नसतात. काठीला वय वाचता येत नाही आणि भूकही वाचता येत नाही.

म्हणून काठी मोडावी असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. आमच्या लहानपणी, १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू होईपर्यंत, पाळणा म्हणजे जत्रेतला पाळणा. (ते एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद झाले, त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले होते.) जत्रेत फळी नव्हती, अस्वल नव्हते. पाळणेवाला पोराकडे एकदा बघे आणि ‘आईच्या मांडीवर बस’ किंवा ‘मधे बस’ एवढे सांगे. ती नजर कमरेएवढ्या पाण्याच्या जातीची होती, माणूस बघून माप ठरवणारी. तिच्याविषयी गहिवर काढणे सोपे आहे, आणि ललित गद्यात असे गहिवर पुष्कळ निघालेही आहेत. आकाशपाळण्यात दोन बाजूंना दोन साखळ्या आणि मध्ये एक गंजका गज असे, हे मात्र त्यांत सहसा येत नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखी झुलणारी राइड तुटून खाली आली आणि दोघांचा जीव गेला. तिथे प्रश्न बसणाऱ्याच्या उंचीचा नव्हता, लोखंडाच्या देखभालीचा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सहा वर्षांची मुलगी बसायच्या जागेवरच्या पट्ट्यांवर बसली. पट्टे तिच्या अंगावर नाहीत हे चालवणाऱ्यांनी पाहिले नाही, आणि राइड सोडली. मार्च २०२२ मध्ये ऑर्लँडोत एक चौदा वर्षांचा, चांगला उंचनिंच मुलगा पडला, कारण त्याच्या थोराड देहावर जोखड पुरते मिटलेच नव्हते. उंची मोजली म्हणजे पाहणे संपत नाही. काठीही हवी आणि जत्रेतल्या त्या माणसाची नजरही हवी. आणि आपण बहुधा एक आली की दुसरी रजेवर पाठवतो.

महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे या रेघेचे पुढचे मुक्कामही आमच्या पाहण्यात येतात. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचे तर पुरुषाला १६५ सेंटिमीटर, स्त्रीला १५५. मराठी विषय घेऊन बीएला बसलेल्या ग्रामीण मुलांपैकी कितीतरी जण पहाटे मैदानावर असतात आणि नंतर डोळे चोळत आमच्या तासाला येतात. त्यांच्या धावण्याचे, गोळाफेकीचे गुण सरावाने वाढतात. उंची वाढत नाही. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी १६४ आणि काही मिलिमीटरवर अडला आहे. तो रोज आडव्या बारला लोंबकळतो, कुणीतरी सांगितलेली पावडर दुधातून घेतो. घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि धाकट्या दोन बहिणी आहेत. इथे काठीखाली जे अडकते ते एका दुपारचे रुसणे नव्हे. लहानपणी त्याच्या ताटात काय होते हे त्याला आम्ही विचारले नाही, आणि विचारणारही नाही.

एकदा तो घरी आला होता, नोट्स न्यायला. बोलता बोलता म्हणाला, ‘सर, माणूस सकाळी जास्त उंच असतो. दिवसभरात मणके दबतात. एक सेंटिमीटरचा फरक पडतो. माझा नंबर सकाळच्या तुकडीत लागला पाहिजे.’ हे खरे आहे. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भाराने चेपतात आणि रात्रीच्या झोपेत पुन्हा फुगतात. आमचा मुलगा जमिनीवर पुस्तक पसरून बसला होता, ऐकत आहे असे वाटले नव्हते. दादा गेल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. एक सेंटिमीटर म्हणजे किती बोटे, हा पहिला. आणि ते उद्यान सकाळी किती वाजता उघडते.