क्रियापदाचा खुंटा

दसरा झाला की आमच्या शिरूर कासार भागातल्या वाड्यावस्त्यांवर एकच लगबग सुरू होते. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. गाडी दारात येऊन उभी राहते आणि पीठमीठ, भांडीकुंडी, कोयते, एखादी शेळी आणि लेकरे असा सगळा संसार तिच्यात चढतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जातो, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माणसे परत येतात, तोवर गावात म्हातारी माणसे आणि कुलुपेच उरतात.

माझा मुलगा आणि सून गेली अकरा वर्षे अशीच जातात. साडेतीन एकर कोरडवाहू जमिनीत वर्ष निघत नाही, त्याला ती तरी काय करणार! गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गाडी भरत असताना मुलाच्या हाती नातीची चाचणीची उत्तरपत्रिका पडली. नात नववीत होती. इंग्रजीत वीसपैकी तीन गुण.

"तीन मार्क! शाळेत बसून काय करायलीय ही?" मुलगा म्हणाला. "फडावर आली तर लहान्याला तरी सांभाळील."

आदल्या वर्षी असेच झाले होते. आठवीत असताना ती चार महिने फडावर राहिली. परत आल्यावर गणित कसेबसे जुळले, पण इंग्रजीचा धागा जो तुटला तो तुटलाच. नात कोपऱ्यात उभी होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या तोंडून निघून गेले, "पोरगी माझ्यापाशी राहील. तिची इंग्रजी माझ्याकडे लागली."

मुलगा हसला. "आई, तू सोताच इंग्रजीत नापास!"

खोटे नव्हते ते.

मी १९८४ साली दहावीला बसले होते. तेव्हा शिरूर हे तालुक्याचे गाव नव्हते, आणि दहावीपर्यंत पोचलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या विषयांत पास झाले, इंग्रजीत सत्तावीस गुण मिळाले. पस्तीस हवे होते. आठ गुण कमी पडले आणि त्याच उन्हाळ्यात माझे लग्न लागले. पुन्हा परीक्षेला बसावे असे कोणाला वाटले नाही, आणि मला वाटले ते मी कोणाला सांगितले नाही. त्यामुळे नातीच्या उत्तरपत्रिकेवरचा तीनचा आकडा पाहिला तेव्हा माझ्या पोटात काय कालवले, ते माझे मलाच ठाऊक. इंग्रजीत राहिलेल्या मुलीला आधी फड दिसतो आणि मग मांडव. ही वाट मला पाठ होती.

गाडी गेली. त्या रात्री जेवणे उरकल्यावर मी नातीला म्हटले, "आण तुझे पुस्तक."

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते. आता तर २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच शिकवतात. नातीला 'ॲपल' आणि 'अंब्रेला' माहीत होते. शब्द माझ्यापेक्षा तिला जास्त येत होते. पण वाक्य करायला सांगितले की ती लिही, "आय भाकरी ईट." ते वाचले आणि मी चपापले. चाळीस वर्षांपूर्वी मीही अगदी हेच लिहीत होते. मराठी वाक्य घ्यायचे आणि एकेक शब्द काढून तिथेच इंग्रजी शब्द बसवायचा. आमचे गुरुजी लाल रेघ मारत, पण रेघ का मारली ते कळत नसे आणि विचारायची छाती नव्हती.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, त्याआधी सरकारी कागद उर्दूत असत. वडील उर्दू उजवीकडून डावीकडे भराभर लिहीत. मी इंग्रजीच्या नावाने रडायला लागले की ते म्हणत, "लिपी उलटी असून मला उर्दू जड गेली नाही, मग तुला इंग्रजी का जड जाते?" याचे उत्तर मला नातीच्या वहीपाशी सापडले. उर्दूची लिपी उलटी असली तरी वाक्याची चाल आपलीच असते. 'मैं रोटी खाता हूँ' यात आधी करणारा, मग भाकर आणि शेवटी खाणे. मराठीतही क्रियापद शेवटीच येते. इंग्रजीची अक्षरे डावीकडूनच चालतात, पण क्रियापद मध्ये येऊन बसते. 'आय ईट भाकरी.' आधी मी, मग खाते, मग भाकर. लिपी उलटी असलेली भाषा सोपी गेली आणि सुलट वाटणारी अवघड, त्याचे कारण हे.

पण क्रियापद मध्येच का, हे नातीला कसे सांगावे? दुसऱ्या दिवशी गोठ्यात शेण काढताना सुचले.

मराठीत म्हणा, "कुत्र्याने मांजराला पाहिले." नाहीतर म्हणा, "मांजराला कुत्र्याने पाहिले." किंवा "पाहिले कुत्र्याने मांजराला." कसेही फिरवले तरी पाहिले ते कुत्र्यानेच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले आहेत. आपल्या जनावराला डाग दिलेला असला की ते बाजारात कुठेही उभे राहो, कोणाचे आहे ते कळते. इंग्रजीच्या शब्दांना असा डाग नाही. तिथे जनावर कोणत्या खुंट्याला बांधले आहे त्यावरूनच ओळखायचे. 'द डॉग सॉ द कॅट' म्हणजे कुत्र्याने मांजराला पाहिले. तेच शब्द फिरवून 'द कॅट सॉ द डॉग' म्हटले की पाहणारे मांजर झाले! शब्द तेच, खुंटे बदलले आणि अर्थ उलटला.

मी गोठ्यात तीन खुंटे दाखवले. पहिल्या खुंट्याला करणारा, म्हणजे कर्ता. दुसऱ्या खुंट्याला काम, म्हणजे क्रियापद. तिसऱ्या खुंट्याला ज्यावर काम होते ते, म्हणजे कर्म. कुठे आणि केव्हा हे बहुतेक वेळा त्याच्या मागे. नात थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजी, म्हणजे 'आय भाकरी ईट' मध्ये भाकरीला दुसऱ्या खुंट्याला बांधलं व्हय?"

"व्हय," मी म्हटले. ती हसली. इंग्रजीच्या वहीपुढे तिला हसताना मी प्रथमच पाहिले.

मग रोज रात्री दहा वाक्ये असा आम्ही नेमच केला. वाक्ये घरचीच. 'द गोट ड्रिंक्स वॉटर.' 'माय ग्रँडमदर मिल्क्स द बफेलो.' जिथे ती अडे तिथे आम्ही दोघी मिळून विचार करू. कळत नसे ते ती दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारून येई आणि संध्याकाळी मला शिकवी. कोण कोणाची शिकवणी घेते आहे, हे पुढे पुढे कळेनासे झाले.

अशा एकेक गोष्टी उलगडत गेल्या. मराठीत "ही माझी नात" एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. इंग्रजीत 'शी माय ग्रँडडॉटर' म्हटले तर चूक, मध्ये 'इज' हवाच. का? तर दुसरा खुंटा रिकामा ठेवता येत नाही. हुकूम सोडताना पहिला रिकामा चालतो. 'कम' म्हटले की ये, 'सिट' म्हटले की बस. पण क्रियापदाचा खुंटा मोकळा सोडला की वाक्य मोडते.

एका संध्याकाळी अवकाळी पावसाचे चार थेंब आले. नातीने पुस्तकातले वाक्य म्हटले, 'इट इज रेनिंग.' आणि विचारले, "आजी, हा 'इट' कोण? पाऊस पाडणारा?" मी म्हटले, "तो कोण असता तर मी त्याला जूनमध्येच गाठला असता!" दुसऱ्या दिवशी ती बाईंना विचारून आली. हा 'इट' कोणीच नाही. कर्त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून तो नुसता उभा केला आहे. पाऊस पडला काय आणि न पडला काय, इंग्रजीच्या पहिल्या खुंट्याला काहीतरी बांधलेले दिसले पाहिजे.

सगळ्यांत मोठा धीर आला तो एका वेगळ्याच गोष्टीने. 'ही गोज, शी गोज' यातला 'एस' ती नेहमी विसरे आणि वैतागे. मी म्हटले, आपण आपली मराठी मांडून बघू. मी जाते, तू जातेस, तो जातो, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. आणि इंग्रजीत? आय गो, यू गो, वी गो, दे गो. फक्त तो, ती आणि ते एक असले की 'गोज'. पुढे बघा. मी आंबा खाल्ला, भाकर खाल्ली, केळ खाल्ले. खाणारी मीच, पण खाल्लेल्या वस्तूप्रमाणे आपले क्रियापद रूप बदलते. इंग्रजीत आंबा खा, भाकर खा, केळ खा, सगळ्याला एकच 'एट'. म्हणजे अवघड भाषा कोणती? जी शाळेत न जाता तीन वर्षांचे पोर बोलते ती! आपल्या जिभेने इतके ओझे सहज उचलले आहे, मग एका 'एस' ला भ्यायचे कशाला?

'गो' चे 'वेन्ट' का होते यावरही ती भांडली. मी विचारले, 'जा' चे 'गेला' कसे झाले? 'ये' चे 'आला', 'हो' चे 'झाला'? आपल्याकडेही रोजच्या वापरातली क्रियापदेच अशी वाकडी चालतात. ती नियमाने येत नाहीत, वापराने येतात. त्यांची यादी करून आम्ही चुलीमागच्या भिंतीवर चिकटवली.

प्रश्न करताना मराठीत 'का' शेवटी येतो, "तू जातेस का?" इंग्रजीत 'डू' पुढे येतो, 'डू यू गो?' गेलीस का विचारायचे तर 'डिड यू गो?' इथे ती हटकून 'डिड यू वेन्ट' लिही. मी सांगितले, झालेल्या काळाचे ओझे 'डिड' ने उचलले आहे, तेच पुन्हा दुसऱ्या बैलावर कशाला? तेव्हापासून ती चूक कमी झाली. बंद मात्र झाली नाही, हे खरे ते सांगते.

मुलाचा फडावरून फोन येई तेव्हा तो विचारी, "पोरगी काय म्हणते?" मी सांगे, "शिकवायलीय मला." त्याला ती थट्टा वाटे.

वार्षिक परीक्षेत नातीला इंग्रजीत शंभरपैकी एकेचाळीस गुण मिळाले. पेढे वाटण्यासारखे गुण नाहीत हे मलाही समजते. पण वीसपैकी तीनवरून आलेली ती पोर आहे, आणि एकेचाळीस हे पस्तीसच्या वर आहेत. मे महिन्यात एक पाहुणे तिच्यासाठी स्थळ घेऊन आले होते. मी आत चहा करत होते, हात थांबला. बाहेरून मुलाचा आवाज आला, "दहावी होऊ द्या. मग पोरीला विचारू." मी काही बोलले नाही. चहात साखर जरा जास्तच पडली.

यंदा पुन्हा दसरा झाला, पुन्हा गाडी आली. नातीला बरोबर न्यायची गोष्टसुद्धा निघाली नाही. गाडीत चढताना मुलगा तिला एवढेच म्हणाला, "आजीची वाक्यं तपासत जा."

मायबहिणींनो, तुमच्या घरीही नातवंडे मागे राहत असतील. अशा मुलांच्या जेवणाखाण्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिची शाळेत चौकशी करावी. पण रात्री वही उघडली आहे की नाही, हे घरच्याच माणसाने बघायचे असते. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. आपल्याला मराठी येते, आणि मराठीची चाल नीट पाहिली तर इंग्रजी कुठे वेगळी वळते ते दिसते. रोज घरच्या कामाची पाच वाक्ये मुलाकडून करून घ्यावीत. प्रत्येक वाक्यात एकच विचारावे, "करणारा कुठे आहे आणि क्रियापद कुठे आहे?" एवढे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. ते मुलाने बोटाने दाखवले तरी निम्मे काम झाले.

नातीची दहावीची परीक्षा अजून व्हायची आहे. रात्री ती दिव्यापाशी बसते, मीही माझी वही घेऊन बसते. काल तिने माझी वाक्ये तपासली. दहापैकी आठ बरोबर आली. दोन चुकली, दोन्हींत मी 'इज' विसरले होते. तिने लाल रेघ मारली, आणि का मारली तेही शेजारी लिहिले.